बीबीए-बीएमएसचा प्रवेश : बारावीचे गुण किती मोजतात आणि सीईटी किती?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मुलगी नाशिकला बारावी कॉमर्सला आहे, राज्य मंडळ. दहावीला ९१ टक्के होते, अकरावीत घसरली, आता सहामाहीत ७८ आहेत. तिला बीबीए किंवा बीएमएस, म्हणजे व्यवस्थापनाची पदवी करायची आहे आणि पुढे एमबीए, हे तिचं पक्कं आहे.

घरात मात्र दोन तट पडलेत. तिचे आजोबा म्हणतात, बारावीला नव्वदच्या वर गुण आण, मुंबई-पुण्यात कुठेही दार उघडेल. क्लासचे सर सांगतात, बारावी नुसती पास झालीस तरी चालेल, आता सगळं सीईटीवर, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेवर आहे. पोरगी बिचारी दोन्हीकडून ऐकून गोंधळली आहे. रात्री दोन तास सीईटीचं रीझनिंग करते आणि मग पुस्तपालनाचं राहिलं म्हणून रडते. ज्यांची मुलं नुकतीच यातून गेली आहेत किंवा जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया नीट सांगावं. इंदूरच्या आयआयएमबद्दलही ऐकून आहे, ते आपल्या आवाक्यातलं आहे का?

अनुजा_कोथरूड
गोदाकाठताई, मी एका कॉलेजात प्रवेशाचंच काम बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आजोबा आणि सर दोघंही अर्धं बरोबर बोलताहेत, आणि त्याचं कारण २०२४ मध्ये आहे. तोवर आपल्याकडे बीबीए, बीएमएस, बीसीए हे विद्यापीठाचे अभ्यासक्रम होते. बारावीचा निकाल लागला की कॉलेज गुणवत्ता यादी लावायचं. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएसला तर कला, वाणिज्य, विज्ञान अशा वेगवेगळ्या याद्या लागायच्या आणि प्रत्येकीचा कटऑफ निराळा असायचा. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले. त्यामुळे राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून होऊ लागले. तिथे यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावीचे गुण पात्रतेपुरते.

पण पहिल्याच वर्षी असं झालं की बऱ्याच मुलांना ही परीक्षा आहे हेच वेळेवर कळलं नाही. जागा लाखाच्या वर आणि परीक्षा देणारे त्याच्या निम्मेही नाहीत. मग ऑगस्टमध्ये पुन्हा एक जादा सीईटी घ्यावी लागली. आणि त्याच काळात मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असं केलं. नाव बदललं की तो अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेबाहेर जातो, सीईटी लागत नाही. तिथे पूर्वीसारखीच बारावीच्या गुणांवर यादी लागते किंवा स्वायत्त कॉलेज असेल तर ते स्वतःची परीक्षा घेतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. कॉलेजचं नाव बघण्याआधी पदवीचं पूर्ण नाव बघा. एकाच इमारतीत एका मजल्यावर सीईटीचा वर्ग आणि दुसऱ्या मजल्यावर बारावीच्या गुणांवर भरलेला वर्ग, असं आज खरंच असू शकतं. लेकीला आवडतात त्या सात-आठ कॉलेजांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा : कॅपमधून की कॉलेजच्या यादीतून. निम्मा गोंधळ तिथेच संपेल.

तर्कटकाका
अनुजाताईंना अनुमोदन. पर्सेंटाइलबद्दल थोडं लिहितो, कारण पालक इथेच फसतात.

८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ गुण नव्हेत. तुमच्या सत्रात दहा हजार मुलं बसली आणि त्यातली साडेआठ हजार तुमच्याइतकी किंवा तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होते, एखाद्या सत्राचा पेपर अवघड निघतो, म्हणून कच्च्या गुणांची तुलना न करता आपापल्या सत्रातलं स्थान धरतात.

याचा व्यवहारात उपयोग असा. मधल्या पट्ट्यात मुलांची दाटी असते. तिथे चार प्रश्न जास्त बरोबर आले तर पर्सेंटाइल झपकन वर जातं. टोकाला मात्र अर्धा पर्सेंटाइल वाढवायलाही घाम गाळावा लागतो. ज्याचा सराव पेपर ६० च्या आसपास आहे त्याने खचून जायचं कारण नाही, त्याच्या एका महिन्याच्या अभ्यासाला सगळ्यात जास्त फळ मिळतं.

पेपरचं स्वरूप : १०० प्रश्न, ९० मिनिटं. इंग्रजी ४०, रीझनिंग ३०, सामान्य ज्ञान १५, कॉम्प्युटरची मूलतत्त्वं १५. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दर प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद येतात. सामान्य ज्ञान आणि कॉम्प्युटर हे येतं तर येतं, नाही तर नाही. ते तीस प्रश्न बारा-तेरा मिनिटांत उरकायचे. वाचलेला वेळ उताऱ्यांना आणि बैठकव्यवस्थेच्या कोड्यांना द्यायचा. एक लक्षात घ्या, यात गणिताचा स्वतंत्र विभागच नाही. कॉमर्सला गणित न घेतलेल्या मुलांनाही ही परीक्षा खुली आहे.

पाटीलसर_कराड
मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवतो. वर सगळं बरोबर लिहिलंय, पण 'बारावी नुसती पास हो' हे वाक्य वाचून राहवलं नाही.

सीईटी आल्यापासून बारावी कॉमर्सच्या वर्गात डिसेंबरनंतर बाकं रिकामी दिसायला लागली आहेत. पूर्वी हे फक्त सायन्सला व्हायचं. मुलं म्हणतात, सर, आता बोर्डाचं काय मोजतंय? मला त्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं की बीबीएच्या पहिल्याच सत्रात फायनान्शियल अकाउंटिंग असतं. ज्याला बारावीत भागीदारी संस्थेची अंतिम खाती जमली नाहीत, समायोजनं दोन ठिकाणी का दाखवायची हे समजलं नाही, तो तिथे पहिल्या महिन्यातच मागे पडतो. सायन्सची मुलं तेव्हा ते शून्यापासून शिकत असतात. आपल्या कॉमर्सच्या पोरांकडे असलेली एकमेव आघाडी आपणच का सोडायची?

दुसरं, बारावीचे गुण काही गंगेत वाहून जात नाहीत. ताई, तुमच्या मुलीला पुढे एमबीए करायचं आहे म्हणता. अहमदाबादचं आयआयएम मुलाखतीला बोलावताना कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींच्या गुणांना वजन देतं. बंगळूरही शाळेचे गुण धरतं. म्हणजे आज फेब्रुवारीत दिलेल्या पेपराचा हिशेब चार-पाच वर्षांनी कुणीतरी पुन्हा मांडणार आहे, आणि तेव्हा तो बदलता येणार नाही. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्यांच्या फॉर्मवरही दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे साठ टक्के अशी अट असते. सीईटीचं पर्सेंटाइल मात्र प्रवेशाच्या दिवसानंतर कुणी विचारत नाही.

आणि शेवटचं. पुस्तपालनाचा पेपर ८० चा, २० गुण अंतर्गत. हे वीस गुण वही आणि प्रकल्प वेळेवर दिला तर हातात असतात. मी दर वर्षी बघतो, हुशार मुलं तिथे चार-पाच गुण घालवून बसतात, कारण तेव्हा ती क्लासला असतात.

गोदाकाठ
सर, हे कॅटचं मला ठाऊकच नव्हतं. मनापासून धन्यवाद. तिला हे दाखवते.

मृण्मयी_एम
मी सध्या पाच वर्षांच्या इंटिग्रेटेड कोर्सला आहे, सोलापूरची. काकू, इंदूरबद्दल लिहिते.

आयआयएम इंदूरने हा कोर्स २०११ मध्ये सुरू केला. बारावीनंतर पाच वर्षं आणि थेट एमबीए. त्यासाठी आयपीमॅट द्यावी लागते. ती आपल्या सीईटीपेक्षा फार वेगळी आहे. तीन विभाग असतात, प्रत्येकाला ४० मिनिटं. गणिताचे दोन विभाग : एकात पर्याय असतात, दुसऱ्यात पर्यायच नसतात, उत्तर स्वतः काढून टाइप करायचं. तिसरा इंग्रजीचा. बरोबर उत्तराला ४ गुण, पर्यायी प्रश्नात चुकलं तर १ वजा. प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ असतो. एकूण गुण कितीही भारी असोत, एका विभागात खाली राहिलात तर मुलाखतीचं बोलावणं येत नाही. माझ्या ओळखीतली कितीतरी मुलं इंग्रजीत उत्तम होती आणि त्या बिनपर्यायी गणितात अडकली. तिथे लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, क्रमचय-संचय हे सगळं येतं. त्यामुळे पहिला प्रश्न : ताईने बारावीला गणित घेतलंय का? नसेल तर या चार महिन्यांत आयपीमॅट जमवणं फार कठीण जाईल, हे मी खोटी आशा न दाखवता सांगते.

रोहतकची आयपीमॅट वेगळी असते आणि तिथे अंतिम यादीत शाळेच्या गुणांनाही चांगलं वजन असतं. तिचे दहावीचे ९१ तिथे कामी येतील. बोधगया आणि जम्मू या दोन आयआयएमसाठी जिपमॅट असते, ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते. फीचाही विचार आधीच करा. पाचही वर्षांचा खर्च मिळून आकडा मोठा होतो, कर्जाशिवाय फार थोड्यांना झेपतो.

दिल्लीचा विचार करणार असाल तर तिथे सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. दिल्ली विद्यापीठाच्या बीएमएससाठी भाषा, गणित किंवा उपयोजित गणित आणि जनरल टेस्ट असे विषय द्यावे लागतात. म्हणजे तिथेही गणित सुटत नाही.

सह्यकडा
जरा वेगळं मत मांडतो. सगळं परीक्षेवर गेलं हे मला पटत नाही. बारावीचे गुण हे वर्षभराच्या अभ्यासाचे असतात. आमच्या तालुक्यात सीईटीचा क्लास नाही, संगणकावर सराव करायला नेट धड चालत नाही. तिथलं मूल राज्य मंडळाच्या पुस्तकावर घासून घासून ८५ आणतं. पूर्वी त्या ८५ वर त्याला पुण्यात प्रवेश मिळायचा. आता मराठी माध्यमातल्या त्या पोराला ४० गुणांच्या इंग्रजीशी झुंजायचंय. ही समान संधी कशी?

तर्कटकाका
सह्यकडा, तुमची तळमळ समजते आणि इंग्रजीचा मुद्दा खराच आहे. पण बारावीच्या गुणांवर यादी लावली की काय होतं ते दिल्लीने दाखवलंय. तिथे व्यवस्थापनाच्या पदव्यांसाठी आधी ६५ टक्के वजन त्यांच्या प्रवेश परीक्षेला आणि ३५ टक्के बारावीला होतं. बाकी बहुतेक अभ्यासक्रम निव्वळ बारावीवर. २०२१ मध्ये श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सचा बी.कॉम. ऑनर्सचा पहिला कटऑफ १०० टक्के लागला. त्या वर्षी तर कोरोनामुळे बारावीची लेखी परीक्षाच झाली नव्हती, गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. एखादं मंडळ सढळ हाताने गुण देतं, एखादं हात आखडतं. त्यात आपल्या राज्य मंडळाची मुलं बहुतेक वेळा तोट्यातच राहिली. पुढच्या वर्षी सीयूईटी आली ती याच कारणाने.

माझ्या मते ६५-३५ हा तोडगा सगळ्यांत न्याय्य होता. वर्षभराच्या अभ्यासालाही मान आणि सगळ्यांना एकच मोजपट्टी. आपल्या सीईटीतही बारावीला असं काही वजन असायला हवं होतं. पाटीलसरांची रिकामी बाकंही मग भरली असती.

सह्यकडा
६५-३५ मलाही मान्य आहे. पण तोवर इंग्रजीचं काय करायचं, त्यावर कुणी बोला.

अनुजा_कोथरूड
सह्यकडादादा, इंग्रजीबद्दल अनुभवाचं सांगते. मराठी माध्यमातली जी मुलं आमच्याकडे चांगल्या पर्सेंटाइलवर आली, त्यांनी रीझनिंगचे तीस आणि कॉम्प्युटरचे पंधरा यांत जवळजवळ गुण सोडलेच नव्हते. या दोन्हींना भाषा फार लागत नाही. रक्ताची नाती, दिशा, सांकेतिक भाषा, क्रमवारी हे प्रकार ठरलेले असतात. इंग्रजीत मग व्याकरणाचे ठराविक नियम, समानार्थी-विरुद्धार्थी आणि रोज एक उतारा. एवढ्यावर चाळीसपैकी निम्म्याच्या वर जाता येतं. सीईटी कक्षाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर मोफत आहे. त्यापलीकडे हजारो रुपयांचं मटेरियल विकत घ्यायची गरज मला तरी दिसत नाही. ग्रामीण भागातल्या शाळांनी स्वतःच्या संगणक कक्षात शनिवारी सराव पेपर ठेवले तर फार मोठं काम होईल.

एडिसनकर
न्यू जर्सीहून वाचतेय. माझा मुलगा अकरावीत आहे, त्याला इथे बिझनेसला जायचंय. इथलं चित्र पार उलट आहे म्हणून लिहिते. इथे चारही वर्षांचे ग्रेड बघतात आणि नुसते आकडे नाही, किती कठीण विषय घेतले तेही. कॅल्क्युलस घेऊन बी मिळालेला मुलगा सोपा विषय घेऊन ए मिळवणाऱ्याच्या पुढे जाऊ शकतो. एसएटी या प्रवेश परीक्षेचं मात्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कलीसुद्धा, एसएटी बघतच नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने, ज्यात व्हार्टन येतं, कोरोनात ऐच्छिक केलेली परीक्षा पुन्हा सक्तीची केली. त्यामुळे अकरावीतली मुलं दोन्हीची तयारी करून ठेवतात. तुमच्याकडे एका सकाळच्या नव्वद मिनिटांवर इतकं अवलंबून असतं हे वाचून त्या मुलांचं खरंच कौतुक वाटलं.

पाटीलसर_कराड
एडिसनकर ताई, कठीण विषय घेतल्याचा मान इथे मिळत नाही, हेच आमचं दुखणं आहे. आमच्याकडे टक्के वाढावेत म्हणून मुलं कॉमर्सला गणित सोडतात. ते पुढे आयपीमॅट, सीयूईटी आणि कॅटला आडवं येतं. अकरावीत विषय निवडतानाच कुणीतरी हे सांगायला हवं. या धाग्यावर दहावीच्या मुलांचे पालक असतील त्यांनी एवढं जरूर ध्यानात ठेवावं : व्यवस्थापनाकडे जायचं असेल तर गणित सोडू नका, चार टक्के कमी आले तरी चालतील.

रेवा_ठाणे
एक मुद्दा राहिला. पुण्या-मुंबईतली खासगी विद्यापीठं कॅपमध्ये येत नाहीत. सिंबायोसिसची सेट, नरसी मोनजीची एनपॅट, यांच्या स्वतंत्र परीक्षा, स्वतंत्र फॉर्म, स्वतंत्र फी. दोन्हीकडे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि एकाहून जास्त वेळा परीक्षा देता येते, चांगला स्कोअर धरतात. एनपॅटला गणिताचा पूर्ण एक तृतीयांश पेपर असतो. सगळे फॉर्म भरत सुटलं तर पैसा आणि जीव दोन्ही जातात. मुलीशी बोलून दोन-तीनच निवडा.

आणि कागदपत्रं! भाचीला पर्सेंटाइल छान होतं, पण नॉन क्रिमीलेअर दाखल्याची मुदत उलटून गेली होती आणि ती खुल्या वर्गात ढकलली गेली. डोमिसाइल, जातपडताळणी, नॉन क्रिमीलेअर, लागू असेल ते बोर्डाच्या परीक्षेआधी हातात घेऊन ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

अनुजा_कोथरूड
रेवाताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. त्याला जोडून फीचं. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ ला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्काच्या सवलतीचा निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना त्याचा लाभ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागा त्यातून वगळल्या आहेत. म्हणून सीईटीत मधलं पर्सेंटाइल आलं तरी घाईने संस्था स्तरावर जागा पकडू नका. कॅपच्या फेऱ्या पूर्ण होऊ द्या. तुमच्या पसंतीच्या अभ्यासक्रमाला सवलत लागू आहे का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात लेखी विचारा.

गोदाकाठ
सगळ्यांचे किती आभार मानू! आज संध्याकाळी तिला बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. आजोबाही ऐकत होते. तिने गणित घेतलेलं आहे, पण आयपीमॅट आत्ता नको म्हणाली. ठरलं ते असं : जानेवारीअखेरपर्यंत बोर्डालाच प्राधान्य, रोज फक्त एक तास रीझनिंग आणि इंग्रजी. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की पूर्ण वेळ सीईटी. सोबत एनपॅट द्यायची. आणि दोन बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)वाली कॉलेजं हाताशी ठेवायची, तिथे बारावीचे गुण कामाला येतील. क्लासच्या सरांशी मी उद्या बोलते.

एक शेवटचं. समजा बारावीला मनासारखे गुण पडले नाहीत, तर श्रेणीसुधारला पुन्हा बसवावं का? शेजारच्या मुलाने तेच केलं.

पाटीलसर_कराड
ठरलेलं वेळापत्रक उत्तम आहे. श्रेणीसुधारबद्दल : सीईटीच्या यादीत त्याने काही फरक पडत नाही, कारण ती यादी पर्सेंटाइलवर. एखाद्या ठिकाणची किमान टक्क्यांची अट थोडक्यात हुकत असेल, किंवा एकूण साठच्या खाली जात असेल, तरच तो खटाटोप करावा. ७८ चे ८२ करायला मुलीचं एक वर्ष घालवू नका. त्या वेळात पदवीच्या पहिल्या सत्राचा जीपीए सांभाळा म्हणावं. जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर झाले की तिच्या पुस्तपालनाच्या उत्तरपत्रिकेचे फोटो मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, समायोजनं कुठे चुकतात ते बघून कळवतो.